नवीन प्रोसेसर, बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पीसी गेममध्येच रीस्टार्ट होतो: दोष कुठे शोधायचा

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. आठ-दहा वर्षांचा पीसी, त्यातला बोर्ड (मदरबोर्ड), प्रोसेसर आणि रॅम बदलली, नवीन ग्राफिक्स कार्ड घातलं. विंडोज छान चालतं, व्हिडिओ चालतात, ऑफिसचं काम होतं. गेम सुरू केला की थोड्या वेळात खट्ट, आणि पीसी पुन्हा पहिल्यापासून सुरू. निळा स्क्रीन नाही, कसला मेसेज नाही. मग कोणी कार्ड खराब आहे म्हणतं, कोणी विंडोज नव्याने टाकायला सांगतं. ते सगळं होतं, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

नवीन भाग दुकानात परत न्यायच्या आधी, जे जुनं तसंच ठेवलंय ते तपासा. एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), कॅबिनेट, यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड, भिंतीतलं सॉकेट आणि जुनी विंडोज. दोष बहुतांशी इथेच सापडतो, आणि का ते आकड्यांत दिसतं. समजा आधी कोअर आय५-४४६० आणि जीटीएक्स ७५० टीआय होतं. प्रोसेसर ८४ वॅटचा, कार्ड ६० वॅटचं, एकूण १४४. आता त्या जागी रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ३०६० आलं. प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण बूस्टमध्ये (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग) तो ७६ पर्यंत जातो. कार्ड १७० वॅटचं. झाले २४६. ही सगळी वाढ १२ व्होल्टच्या लाइनवर येते. शिवाय आजची कार्डं काही मिलिसेकंदांसाठी सरासरीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतात. जुन्या एसएमपीएसला या झटक्यांची सवय नाही.

आधी लक्षण नीट बघा

"बंद पडतो" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. बंद पडताना नेमकं काय होतं, ते पाहावं लागतं.

पीसी एकदम काळोखा होतो, बटण दाबलं तरी उठत नाही, मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने चालू केला की मगच सुरू होतो: एसएमपीएसने स्वतःचं संरक्षण म्हणून आउटपुट तोडलंय. ओव्हरलोड किंवा शॉर्ट.

क्षणात बंद होऊन स्वतःहून लगेच सुरू होतो: १२ व्होल्ट क्षणभर खाली गेलं, एसएमपीएसने बोर्डाला दिलेला पॉवर गुड (वीज ठीक असल्याचा) सिग्नल तुटला आणि बोर्डाने रीसेट घेतला. अपग्रेडनंतरची सगळ्यात जास्त दिसणारी गोष्ट हीच.

स्क्रीन काळा, पण गेमचा आवाज चालूच, किंवा कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने ओरडायला लागतात: कार्ड, त्याची पॉवर केबल किंवा ड्रायव्हर.

निळा स्क्रीन: रॅम, प्रोसेसरच्या सेटिंग किंवा ड्रायव्हर. पॉवरचा संशय इथे मागे ठेवा.

वेळही लक्षात ठेवा. गेम लोड होताक्षणी किंवा मेनूतून खेळात शिरताना बंद पडत असेल, तर पॉवर. वीस-पंचवीस मिनिटं नीट चालून मग पडत असेल आणि नंतर दर वेळी आणखी लवकर पडत असेल, तर उष्णता.

विंडोजची नोंद कशी वाचायची

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीमवर जा. लाल खुणेची कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडेल. ती पाहून बरेच जण "पॉवर सप्लाय गेला" असा निष्कर्ष काढतात. ते बरोबर नाही. ४१ चा अर्थ एवढाच की आधीच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. कामाची गोष्ट त्या नोंदीच्या डिटेल्स टॅबमध्ये आहे: बगचेककोड. तो ० असेल, तर विंडोजला काही लिहायलाही वेळ मिळाला नाही, वीज गेली किंवा रीसेट थेट हार्डवेअरमधून आला. तो ० नसेल, तर निळा स्क्रीन येऊन गेलाय, तुम्हाला दिसला नसेल एवढंच. हा आकडा दशमान पद्धतीत असतो. २७८ म्हणजे ०एक्स११६, ग्राफिक्स ड्रायव्हरने उत्तर दिलं नाही. २९२ म्हणजे ०एक्स१२४, हार्डवेअरने स्वतः चूक कळवली. २६ असेल तर मेमरीकडे बघा.

त्याच यादीत डब्ल्यूएचईए-लॉगर (हार्डवेअरच्या चुकांची नोंद) १८ किंवा १९ दिसली तर ती वेगळी लिहून ठेवा, त्याबद्दल पुढे येईल. डिस्प्ले ४१०१ म्हणजे ड्रायव्हर अडकला आणि विंडोजने तो सावरला.

एक पैसाही न घालवता करायची चाचणी

कुठलाही भाग विकत घेण्याआधी भार कमी करून बघा. एमएसआय आफ्टरबर्नर (कार्डाच्या सेटिंग बदलणारं सॉफ्टवेअर) टाका, पॉवर लिमिटचा स्लायडर ७० टक्क्यांवर आणा, अप्लाय करा आणि तोच गेम त्याच सेटिंगवर खेळा. रेडिऑन कार्डांवर हा स्लायडर बऱ्याचदा फारसा खाली जात नाही. तिथे कार्डाचा कमाल क्लॉक कमी करा किंवा फ्रेम ६० वर बांधून टाका. प्रोसेसरचा भार कमी करायला विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के करा. बूस्ट बंद होतो.

एवढं करून रीस्टार्ट थांबला, तर कार्ड आणि प्रोसेसर बहुधा ठणठणीत आहेत आणि दोष वीजपुरवठ्याच्या वाटेवर कुठेतरी आहे. ही चाचणी आम्ही सगळ्यात आधी सांगतो, कारण नाशिकमध्ये भाग बदलून देणं अनेकदा एका दिवसाचं काम नसतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं कार्ड असेल, तर ते परत द्यायला मुंबईची एक पूर्ण फेरी होते, आणि तिथे दुकानदाराच्या चांगल्या एसएमपीएसवर ते कार्ड बिनतक्रार चालतं.

दुसरी पायरी, भार वेगळे करून पाहायची. फक्त प्रोसेसरवर भार द्यायला सिनेबेंच, फक्त कार्डावर द्यायला फरमार्क, दोन्हींवर एकदम द्यायला ओसीसीटीमधली पॉवर टेस्ट. प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं पुरेत. वेगवेगळे दोन्ही पास आणि एकत्र नापास, म्हणजे १२ व्होल्टची एकूण ताकद कमी पडतेय. फक्त कार्डावर नापास, तर कार्डाची केबल आणि मग कार्ड. फक्त प्रोसेसरवर नापास, तर कूलर, प्रोसेसरची पॉवर केबल, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर). ओसीसीटी चालू असताना समोरून उठून जाऊ नका. जुन्या हलक्या एसएमपीएसवर ही चाचणी खरंच कठोर आहे.

एसएमपीएस

बाजूच्या स्टिकरवर मोठ्या अक्षरांत ४५० वॅट लिहिलेलं असतं, तो आकडा सोडून द्या. +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ अँपिअर असेल तर १८ गुणिले १२, म्हणजे २१६ वॅट. वरच्या उदाहरणातल्या पीसीला फक्त प्रोसेसर आणि कार्डासाठी २४६ लागतात, तर या डब्याकडून अपेक्षाच चुकीची आहे. स्टिकरवर १२व्ही१ आणि १२व्ही२ अशा दोन लाइन असतील तर त्यांची सरळ बेरीज करू नका. खाली एकत्रित कमाल वॅट दिलेले असतात, तेच धरा. तसा आकडाच छापलेला नसेल, तर असा एसएमपीएस नवीन कार्डासोबत वापरू नये.

चांगल्या कंपनीचा असला तरी वयाचा प्रश्न उरतोच. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर उष्णतेने सुकत जातात, मग रिपल (व्होल्टेजमधले बारीक, वेगवान चढ-उतार) वाढतं आणि वीज क्षणभर गेली तर तग धरायची क्षमता घटते. सात-आठ वर्षं रोज चाललेला डबा रिकाम्या डेस्कटॉपवर कुठलीच तक्रार करत नाही.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरच्या काळ्या तारेत, लाल प्रोब पिवळ्या तारेत. मान्य मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४० ते १२.६०. भार नसताना १२.१ आणि फरमार्क सुरू केल्यावर ११.३ दिसलं, तर निकाल लागला. पण आकडा ११.९ वर स्थिर राहिला म्हणून एसएमपीएसला निर्दोष ठरवू नका. काही मिलिसेकंदांचा खड्डा मल्टिमीटरला दिसत नाही, रिपलही दिसत नाही. एसएमपीएस कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

आता केबल, कारण चांगला एसएमपीएस असूनही इथे घोळ होतो. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. साटा (एसएसडी-हार्डडिस्कची पॉवर केबल)-टू-६ पिनचा स्वस्त कन्व्हर्टर वापरून ७५ वॅट घ्यायला गेलात, तर साटाच्या कनेक्टरमधल्या १२ व्होल्टच्या तीन पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच देऊ शकतात. कनेक्टर गरम होतो, प्लास्टिक वितळतं, कधी पेटतंही. हा कन्व्हर्टर दिसला की काढून टाका, त्यावर तडजोड नको. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील, तर एकाच केबलची दोन तोंडं न वापरता दोन स्वतंत्र केबल लावा.

प्रोसेसरची ४+४ आणि कार्डाची ६+२ यांची तोंडं सारखी दिसतात, पण त्यांतली पिवळी-काळी बाजू उलट आहे. खाच जुळत नसेल तर जोर लावू नका. आणि मॉड्युलर (सुट्या केबलचा) एसएमपीएस बदलताना जुन्याच्या केबल नव्याला लावू नका, कंपनी तीच असली तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनरचना मॉडेलनुसार बदलते. १२ व्होल्ट ५ च्या जागी गेलं की एसएसडी आणि हार्डडिस्क कायमची जाते, डेटासकट.

यूपीएस, इन्व्हर्टर आणि भिंतीतलं सॉकेट

हा भाग बहुतेक जण बघतच नाहीत. टेबलाखाली ६०० व्हीएचा यूपीएस असतो, तो जुन्या पीसीला पुरत होता. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. आता हिशेब करा: प्रोसेसर-कार्डाचे २४६, बोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे मिळून ५० धरा, झाले २९६. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून सुमारे ३४८ वॅट. मॉनिटरचे २५ मिळवले की ३७३. यूपीएसची मर्यादा ओलांडली. त्यातून बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल, तर व्होल्टेज जरा हललं आणि यूपीएस बॅटरीवर गेला की पीसी गेलाच.

तपासणी सोपी आहे. एक दिवस पीसी यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड दोन्ही वगळून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा आणि खेळा. रीस्टार्ट थांबला, तर १००० व्हीए, म्हणजे ६०० वॅटच्या आसपासचा यूपीएस घ्या. अॅक्टिव्ह पीएफसीच्या (भिंतीतून वीज एकसारखी ओढणारं सर्किट असलेल्या) एसएमपीएसला काही स्वस्त यूपीएसची चौकोनी वेव्ह मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस चालू राहतो आणि पीसी तेवढा बंद पडतो, हे त्याचं लक्षण.

घरच्या इन्व्हर्टरवर पीसी चालत असेल तर मागे मोडचा स्विच असतो. तो नॉर्मल किंवा इको मोडवर असेल तर वीज बदलायला इतका वेळ लागतो, की पंखा-दिव्यांना कळत नाही पण एसएमपीएस तेवढा वेळ तग धरत नाही. स्विच यूपीएस मोडवर आणा. नाशिकला वळवाच्या दिवसांत संध्याकाळी लाइट ये-जा करते, तेव्हाच पीसी पडत असेल, तर इथूनच सुरुवात करा.

व्होल्टेज कमी असलं तर एसएमपीएस तेवढ्याच वॅटसाठी जास्त करंट ओढतो. आपल्याकडे विकले जाणारे बरेच स्वस्त एसएमपीएस २०० ते २४० व्होल्टसाठीच बनवलेले असतात, स्टिकरवर इनपुटच्या रकान्यात ते लिहिलेलं असतं. निफाड-दिंडोरीकडच्या वस्तीवर, शेतातले पंप सुरू असताना व्होल्टेज २०० च्या खाली जात असेल, तर १०० ते २४० व्होल्टचा एसएमपीएस घ्यावा, स्टॅबिलायझरपेक्षा तो बरा.

जुन्या नाशिकमधल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असलं तरी तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, याचा अर्थ एसएमपीएसमधल्या फिल्टरचा गळता करंट जायला वाट नाही. त्यामुळे यूएसबीची साधनं तुटतात, हेडफोनमध्ये गुणगुण येते. रीस्टार्टचं हे एकमेव कारण क्वचितच असतं, पण दुरुस्त करायलाच हवं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावं.

कॅबिनेट

जुन्या कॅबिनेटचं रीसेट बटण अडकलेलं असतं किंवा त्याची तार सोललेली असते. बोर्डावरून रीसेटची दोन पिनांची वायर काढून टाका आणि चालवून बघा. पीसी सुरू होऊन चार-पाच सेकंदांनी दर वेळी बंद होत असेल, तर पॉवर बटण दाबलेलं राहतंय. बटण चार सेकंद दाबून ठेवल्यावर बोर्ड बंद होतो, तेच इथे आपोआप घडतं. पॉवरचीही वायर काढा, त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून सुरू करा.

जुन्या बोर्डासाठी लावलेले पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते खांब) नवीन बोर्डाच्या भोकांखाली येतात का ते मोजा. एखादा जास्तीचा स्टँडऑफ बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकला की टेबल हलल्यावर किंवा कॅबिनेटला धक्का लागल्यावर रीसेट होतो. शंका असेल तर सगळं बाहेर काढून बोर्डाच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडून चालवा. बाहेर चालतं आणि आत चालत नाही, तर कॅबिनेट.

उष्णता

एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून आकडे बघा. रायझन ५ ५६०० ची मर्यादा ९० अंश आहे, इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरची १००. कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म काढायची राहिली असेल तर मिनिटभरात तिथे पोचतो. एएम४ वर (रायझन ५ ५६०० चं सॉकेट) जुना कूलर काढताना तो आधी थोडा फिरवा. पेस्ट चिकटलेली असेल तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

एप्रिल-मेमध्ये स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी खोलीचंच तापमान ४० च्या जवळ असतं, आणि बाजूला काचा असलेल्या कॅबिनेटमध्ये हवा जायला जागा नसते. बाजूचं पॅनल काढून टेबल फॅन समोर ठेवा. तेवढ्याने रीस्टार्ट थांबला, तर एसएमपीएस विकत घेऊ नका. पुढे दोन १२० मिमी पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं पुरतं.

डब्ल्यूएचईए आणि निळा स्क्रीन असेल तर

बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारी सेटिंग) बंद करा आणि तसंच एक-दोन दिवस वापरा. जुनी २४०० ची ८ जीबी स्टिक आणि नवीन ३२०० ची ८ जीबी एकत्र लावून एक्सएमपी चालू ठेवणं, हे यामागचं नेहमीचं कारण. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. मेमटेस्ट८६ च्या चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक आली तरी ती रॅम किंवा ती सेटिंग बाद.

एक्सएमपी बंद असूनही डब्ल्यूएचईए १८ येत असेल, तर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून शेवटचा बायोस टाका आणि सगळ्या सेटिंग डीफॉल्टवर आणा. तरीही येत असेल तर प्रोसेसर वॉरंटीत द्यायची वेळ आलीय.

एनव्हिडिया काढून रेडिऑन लावलं असेल किंवा उलट, तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रामने जुने ड्रायव्हर पूर्ण काढा. दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर टाकलेलं विंडोज तसंच पुढे ओढू नका. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा या निमित्ताने विंडोज ११ कोरं टाकलेलं बरं.

गेमपर्यंत पोचतच नसेल, डिस्प्लेच येत नसेल

मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय ना, ते आधी बघा. रायझन ५ ५६०० किंवा नावाच्या शेवटी एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डाच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. बी४५० बोर्ड जुन्या साठ्यातला असेल तर त्याचा बायोस रायझन ५००० ओळखत नाही. फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ पेन ड्राइव्हने प्रोसेसरशिवायही बायोस टाकता येतो, नसेल तर दुकानातूनच अपडेट करून घ्या. एएम५ (रायझनचं नवीन सॉकेट) आणि डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा रॅम ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो) काही मिनिटं लागतात. घाबरून मधेच बंद करू नका.

डिस्प्ले येतो पण जुनी डिस्क बूट होत नाही, तर ती एमबीआर या जुन्या पद्धतीची आहे आणि नवीन बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीवर आहे. जुना बोर्ड हाताशी असतानाच बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) थांबवून ठेवा आणि त्याची रिकव्हरी की लिहून घ्या. नंतर डेटा आत आणि तुम्ही बाहेर, असं होतं.

नवीन एसएमपीएस घेताना

आरटीएक्स ३०६० आणि ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅट सांगते. ८० प्लस ब्राँझचा ५५० वॅटचा, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या पुढे देणारा डबा या वर्गातल्या कोणत्याही कार्डाला पुरतो. एम.जी. रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाशिकात आहे की वस्तू पुणे-मुंबईला जाते, ते पैसे देण्याआधी विचारा.

बसवून झाल्यावर आफ्टरबर्नरचा स्लायडर पुन्हा १०० वर न्या, प्रोसेसर स्टेट १०० करा आणि एक्सएमपी चालू करा, पण हे तीनही एकाच दिवशी नको. एक बदल, दोन दिवस वापर, मग दुसरा. प्रत्येक बदलानंतर ओसीसीटीची पॉवर टेस्ट अर्धा तास चालवा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये नवीन ४१ आलेली नाही ना, ते बघून घ्या. आली, तर तिच्या आधी शेवटचं काय बदललं होतं ते तुम्हाला ठाऊक असेल, आणि तेवढंच मागे घ्यायचं.